पाहायचा राहिलेला झुला

इंदुमती सूर्यवंशी बाई नसत्या तर मी आज हे लिहायला बसलो नसतो. मुखेड तालुक्यातल्या आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत त्या मराठी शिकवायच्या. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला पहिला माणूस मी. आज नाशिकला एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी करतो, भाड्याचं का होईना पक्कं घर आहे, मुलगी मित्रा सहावीत शिकते. या सगळ्याच्या मुळाशी एक निबंध आहे. त्याचं नाव 'मी पाहिलेली सर्कस'.

सहावीत असताना बाईंनी आख्खा वर्ग टेम्पोत बसवून नांदेडला सर्कस पाहायला नेला होता. गॅलरीच्या फळीवर माझ्या शेजारी माझ्याच बाकावरचा दिगंबर बसला होता. हत्ती पाहिला, सिंह पाहिला, एका चाकाची सायकल पाहिली. ते सगळं मला आजही आठवतं. मग झुला आला. वर, तंबूच्या छताजवळ, एक बाई झोके घेऊ लागली. ढोल थांबला, माणसं थांबली, आणि ती आता हात सोडणार हे कळताच मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा टाळ्या चालू होत्या आणि ती जाळीतून खाली उतरून नमस्कार करत होती.

परतीच्या वाटेवर दिगंबरने टेम्पोत सगळ्यांना झुला पुन्हा करून दाखवला. तिने तीन गिरक्या कशा घेतल्या, तिची वेणी कशी सुटली, आणि पलीकडच्याने तिला कसं धरलं. "जत्रेच्या गर्दीत आई लेकराचा हात धरती ना, तसा धरला बघ." दुसऱ्या दिवशी बाईंनी निबंध लिहायला सांगितला. माझं अक्षर चांगलं होतं. मी ते सगळं लिहून काढलं, आईचं आणि लेकराचं वाक्यसुद्धा. दिगंबरने चार ओळी लिहिल्या. त्याला लिहायचा कंटाळा होता.

बाईंनी माझा निबंध वर्गात वाचला. मग हेडमास्तरांना वाचून दाखवला. आणि संध्याकाळी त्या आमच्या घरी आल्या. अप्पा रोजंदारीवरून नुकतेच आले होते. बाई उंबऱ्यातच उभं राहून त्यांना म्हणाल्या, "या पोराला नजर आहे. सातवी झाली की याला नांदेडला वसतिगृहात ठेवा. कागदपत्रांचं मी बघते." अप्पांनी होकार दिला.

पुढचं सगळं त्या होकारातून आलं.

यंदा बाईंच्या जुन्या विद्यार्थ्यांनी एक छोटं पुस्तक छापायचं ठरवलं. बाईंनी पेटीत जपून ठेवलेले मुलांचे निबंध त्यात येणार आहेत, आणि बाईंच्या आग्रहाने पहिला निबंध माझा. छापखान्यातून आलेली पानं मला तपासायला पाठवली होती. इतक्या वर्षांनी मी तो निबंध वाचला. शुद्धलेखनाच्या दोन चुका सापडल्या. तिसरी चूक फक्त मला ठाऊक होती. महिनाअखेरीस पानं परत द्यायची होती आणि तोवर बाईंना खरं सांगायचं की नाही, हे मला ठरवायचं होतं.

त्याच आठवड्यात शाळेच्या मित्रांच्या ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकला. नांदेडला सर्कस आली होती, मंगळवार शेवटचा दिवस. मी पाच दिवसांची रजा टाकली. ज्याच्या जिवावर शिकलो तो झुला निदान एकदा उघड्या डोळ्यांनी पाहावा, मग काय लिहायचं ते लिहावं, एवढाच विचार होता.

मुलीला म्हटलं, "मित्रा, चल सर्कशीला."

"वाघ असतात का?"

"आता नसतात."

"हत्ती?"

"तोही नाही."

"मग?" असं म्हणून ती माझ्याकडे पाहत राहिली. बायको म्हणाली, "तिची चाचणी परीक्षा आहे. तुम्ही जाऊन या निवांत." मी एकटाच निघालो.

नांदेड

मंगळवारी सकाळी स्टेशनबाहेर पडलो तेव्हा हवेत चांगलाच गारवा होता. पाच वर्षं मी या शहरात वसतिगृहात काढली आहेत, त्यामुळे पाय आपोआप तिकडेच वळले. इमारतीवर आता आणखी एक मजला चढला आहे. पहारेकऱ्याने विचारलं, "कोणाला भेटायचंय?" माझ्या वेळचं तिथे कुणीच नव्हतं. "कोणाला नाही," म्हणालो आणि परत फिरलो.

कोपऱ्यावर चहा घेतला. नाशिकला चहा मागितला की कप येतो आणि विषय संपतो. नांदेडला अजून 'एक में दो' म्हणायची रीत आहे. दोघांनी मिळून एक चहा सांगायचा, तो दोन पेल्यांत अर्धा अर्धा येतो. वसतिगृहातल्या पाच वर्षांत मी कधी आख्खा चहा प्यायल्याचं आठवत नाही. त्या सकाळी मात्र आख्खाच घ्यावा लागला. एकट्या माणसाला 'एक में दो' मागता येत नाही.

सर्कस गावाबाहेरच्या मैदानावर होती. तंबू निळा आणि पिवळा, ठिगळं पांढरी. चारच्या खेळाचं तिकीट काढलं, गाड्यावरून अर्धापूरची केळी घेतली आणि आत जाऊन बसलो. प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगाच्या रांगा रिकाम्या होत्या. माणसं मोजायला एका हाताची बोटं पुरली नाहीत, पण दोन्ही हातांची पुरली असती. बँडच्या जागी एक कीबोर्ड आणि एक ढोल. मला वाटलं, खेळ रद्द करतील. पण बरोबर चार वाजता तिसरी घंटा झाली आणि खेळ सुरू झाला, हजार माणसं बसल्यासारखा.

शिडी झाली, सायकली झाल्या. चमचमत्या जांभळ्या पोशाखातली एक प्रौढ बाई आली, तिने पाठोपाठ रिंगा फेकल्या आणि चार मुलींनी त्या गळ्यात, कमरेत, पायात झेलल्या. जाताना त्या बाईने वाकून रिंगणाच्या कडेला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला. मग विदूषक आला. एव्हाना आजूबाजूच्या खुर्च्यांत थोडी माणसं वाढली होती, म्हणून मला बरं वाटलं. एक खुर्ची सोडून तपकिरी स्वेटर घातलेली एक बाई येऊन बसली. ती इतक्या जोरात टाळ्या वाजवत होती की मीही वाजवू लागलो. मी तिला केळं दिलं. तिने घेतलं.

मी म्हणालो, "मघाच्या त्या रिंगवाल्या बाई या वयातही किती सफाईने करतात, नाही?"

तिने केळं सोलता सोलता माझ्याकडे पाहिलं. "या वयात म्हंजे? किती वय वाटलं तुम्हाला?"

"पन्नाशी तरी असेल."

"त्या बाई मीच हाय की."

मला तोंड कुठे लपवावं कळेना. ती खळखळून हसली. "बसा, बसा. सगळेच फसतेत. शकीला म्हणतेत मला. उदगीरची हाय मी."

मग तिने जे सांगितलं ते मला नवीन होतं. सर्कशीत ज्याचा आयटम झाला त्याने आत जाऊन तोंडाचा रंग पुसायचा, साधे कपडे घालायचे आणि प्रेक्षकांत येऊन बसायचं. पुन्हा बोलावणं आलं की मागच्या वाटेने उठून जायचं.

"कुणाला फसवायला न्हाई हो," ती म्हणाली. "रिकाम्या खुर्च्या दिसल्या की पोरींचे हात उठत न्हाईत. कुनीतरी बघून राह्यलंय असं वाटलं पायजे. तो पुढं बसलाय ना, निळ्या शर्टातला? मघा सायकलीवर उलटा उभा व्हता."

"मग खरी पब्लिक कोण?"

"तुम्ही. आन ते लेकरं घेऊन आलेलं जोडपं. आन तो पोलीस, पर तो फुकटात आलाय."

मी विचारलं, "झुला कधी?"

"झुला आज न्हाई. जाळी आन झुल्याचे दोर काल लातूरला गेले. तिथं खांब उभे करून जाळी ताणायला दोन दिस लागतेत. शुक्रवारी लातूरला पहिला खेळ."

नाशिकहून मी ज्यासाठी आलो होतो तेच नेमकं ट्रकमध्ये चढून पुढे गेलं होतं. माझा चेहरा पाहून तिने विचारलं, काय झालं. का कोण जाणे, मी पिशवीतून छापखान्याची पानं काढली. "वाचा की तुम्हीच," ती म्हणाली, "चष्मा आत राह्यलाय." मध्यंतरात विदूषक कुरमुऱ्यांच्या पुड्या विकत फिरत होता तेव्हा मी तिला माझा निबंध वाचून दाखवला. ती मान डोलवत ऐकत होती. 'जत्रेच्या गर्दीत आई लेकराचा हात धरते तसा त्याने तिचा हात हातात धरला' इथे ती थांबली.

"कुनी लिवलंय हे?"

"मी. सहावीत."

"तुम्ही झुला बघितला न्हाई सर."

मी पानं पिशवीत ठेवू लागलो.

"झुल्यावर हातात हात कुनी धरत न्हाई. तसं धरलं तर सुटतंय की. माणूस खाली येतंय."

"मग कसं धरतात?"

"ते मी कशाला सांगू? तिकीट काढून बघा लातूरला." मग जरा मऊ आवाजात म्हणाली, "डोळे मिटले असतील. अर्धी पब्लिक मिटती. पंधरा वर्सं उडले मी. वरून समदं दिसतंय आम्हाला."

जी गोष्ट मी अप्पांना, बायकोला, कुणालाच कधी सांगितली नव्हती, ती एका अनोळखी बाईने एका वाक्यावरून ओळखली. "हो," मी म्हणालो, "मिटले होते." बोलून गेल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. एवढंच जाणवलं की या शहरात मला ओळखणारं एक माणूस झालं, आणि तेही उद्या सकाळी तंबूसकट निघून जाणार.

मुखेड

शुक्रवारला मध्ये दोन दिवस होते. मी मुखेडची एसटी धरली. वाटेत तुरीची काढणी चालली होती, हरभरा हिरवा होता. मुखेडला आठवडी बाजार भरला होता. तिथून गावाकडे जीपने.

अप्पा आणि आई दोघंही गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. घराला कुलूप आहे. किल्ली माझ्याकडे असते, पण गंजलेलं कुलूप तिला दाद देईना. शेजारचे काका विहाराच्या ओट्यावर ऊन खात बसले होते, म्हणाले, "तेल घालावं लागतंय. आमच्याकडं जेवायलाच ये." त्यांच्याकडे ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी खाल्ली. नाशिकला अंबाडी मिळते, पण तिला ही चव नसते. जेवून मी दिगंबरकडे गेलो.

दिगंबर सातवीनंतर शाळेत आला नाही. त्याच्या घरची कोरडवाहू जमीन आहे, ती तो कसतो, आणि गावात त्याची पिठाची गिरणी आहे. मी पोचलो तेव्हा गिरणी चालू होती. भुवया, मिशा, कान, सगळा पांढरा. मी दारात उभा राहून हाका मारल्या. त्याला काही ऐकू येईना. तेवढ्यात लाइट गेली, पट्टा थांबला, आणि माझी शेवटची हाक सगळ्या गल्लीला ऐकू गेली.

"इलास्या! वरडतूस कशाला, बहिरा हाय का मी?" आणि त्याने मला पिठासकट मिठी मारली. "सायेब झालास तरी आवाज तसाच हाय की रं, म्हशी हाकल्यावानी."

लाइट आता चारला येणार होती. समोरच्या हॉटेलातून त्याने चहा मागवला, 'एक में दो'. गव्हाच्या पोत्यावर बसून आम्ही तो अर्धा अर्धा प्यायलो. मी त्याला पुस्तकाचं सांगितलं. पानं बाहेर काढली. मग म्हणालो, "दिग्या, या निबंधातला झुला मी पाहिलेला नाही. मी डोळे मिटले होते. तू टेम्पोत सांगितलंस तेच मी लिहिलं. बाई अप्पांना म्हणाल्या, याला नजर आहे. ती नजर तुझी होती."

मला वाटलं होतं तो रागावेल, नाहीतर थट्टेवारी नेईल. त्याने पेला खाली ठेवला आणि पोट धरून हसायला लागला. मिशांतून पीठ उडालं.

"आरं, मी बी मिटले व्हते की डोळे!"

"काय?"

"तिनं हात सोडला न्हाई तोवर मी मुंडी खाली घातली. तू माझ्या मांडीला चिमटा काढून धरला व्हतास, तुझं तुला आठवत नसंल. समदं मनानंच सांगितलं मी."

"आणि तीन गिरक्या?"

"तीनच का म्हणलो काय म्हाईत. पाच म्हणलो असतो तर तू पाच लिवला असतास."

मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी इतका हसलो. मग विचारलं, "आणि आई लेकराचा हात धरते, ते?"

तो हसायचा थांबला.

"ते खरं हाय," तो म्हणाला. "त्याच्या आदल्या साली जत्रेत हरवलो व्हतो मी. आई गावली तवा तिनं हात असा धरला, मोडतो का काय वाटलं. तेवढं बघितलेलं व्हतं." मग पोत्याची सुतळी ओढत म्हणाला, "तू नांदेडला गेलास त्या पावसाळ्यात गेलीच ती."

तो सातवीनंतर शाळेत का आला नाही हे मला तेव्हा कळलं. आम्ही सातवीपर्यंत एका बाकावर बसलो, आणि मी त्याला हे कधी विचारलं नव्हतं.

"वाच बरं ते एकदा," तो म्हणाला. मी वाचलं. मग त्याने हात धोतराला पुसले, तरी पीठ निघालं नाही. तसाच कागद हातात घेतला आणि ते वाक्य बोटाने शोधून काढलं. बराच वेळ त्यावर बोट ठेवून होता. "छापतेत व्हय हे?"

"छापतात. पण मी बाईंना खरं सांगणार आहे."

"कशाला म्हातारीला तरास? कोण वाचतंय!" असं म्हणाला, पण कागद लगेच परत दिला नाही.

मी म्हणालो, "परवा लातूरला चल. दोघं मिळून बघू."

"लगीनसराई हाय रं. चार घरचं दळण पडलंय, आन लाइट हाय ही अशी." त्याने दाराबाहेर पाहिलं. "तू बघ. या येळी तू बघ आन मला सांग."

लातूर

मुखेडहून शिरूर ताजबंदमार्गे लातूरला आलो. लातूरच्या रस्त्यांवर जिकडेतिकडे मुलांचे फोटो. शिकवणीवर्गांचे फलक, त्यांवर हसरे चेहरे आणि त्यांचे गुण. लॉजमध्ये खोली मिळेना, सगळीकडे मुलांना भेटायला आलेले पालक. शेवटी एका वडिलांबरोबर खोली वाटून घेतली. ते मुलीला डबा द्यायला निलंग्याहून आले होते आणि तिला अभ्यास असल्यामुळे फाटकातच दहा मिनिटं भेटून परतले होते. रिकामा डबा उशाशी ठेवून ते झोपले.

शुक्रवारी दुपारी गाड्यावर निलंगा राईस खाल्ला. पिवळाधमक, तिखट, वर कांदा आणि लिंबू. माझ्या शेजारी पाठीला दप्तर लावलेली मुलं पुस्तकात डोकं घालून तेच खात होती. वीसेक माणसं होतो, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. चहा घेतला, आख्खा.

तंबू तोच, पण पहिला दिवस असल्याने इथे गर्दी बरी होती. वर छताजवळ दोन झुले टांगलेले, खाली जाळी ताणलेली. शकीलाबाईंनी मला दारातच पाहिलं. "आलात व्हय? तिकडं कडेला नका बसू. झुल्याच्या वक्ताला मधल्या रांगेत बसा, पोरींना वरून मधलीच रांग दिसती."

सगळे आयटम पुन्हा झाले आणि सगळे मला पुन्हा आवडले. मुलीच्या 'मग?'चं उत्तर मी शोधत होतो. समोर जे चाललं होतं त्यात काही लपवलेलं नव्हतं. दोर दिसत होता, ठिगळ दिसत होतं, घाम दिसत होता. पडलं तर पडलेलं दिसणार होतं. रोज पडद्यावर याहून मोठं काहीही दिसतं, पण तिथे कुणी पडत नाही.

मग झुला. रेश्मा नावाची विशीतली मुलगी शिडीने वर गेली. समोरच्या झुल्यावर एक आडदांड माणूस गुडघ्यांवर उलटा लटकून झोके घेऊ लागला. माझ्या आजूबाजूला सगळ्यांनी मोबाइल वर धरले. शकीलाबाई साध्या कपड्यांत माझ्या शेजारी येऊन बसल्या होत्या. त्या पुटपुटल्या, "आता पब्लिक डोळे बी मिटत न्हाई. मोबाइलला भ्या वाटत न्हाई ना."

ढोल थांबला. मुलीने झोका घेतला. एक. दोन. आता सोडणार.

आणि मी डोळे मिटले. ग्रंथालयात नोकरी करणारा, एका मुलीचा बाप असलेला मी, सहावीतल्यासारखे गच्च मिटले.

धप्प असा आवाज झाला. उघडले तेव्हा ती जाळीत पडली होती. माणसं 'ओहो' करत होती. काहीजण मोबाइलवर तेच पुन्हा पाहू लागले.

"मिटलेत ना?" शकीलाबाई म्हणाल्या.

"हो."

"आता उघडे ठेवा. पडलं की तोच झोका लगेच परत, असं हाय आमच्यात. पाणी सुदिक प्यायचं न्हाई. आज राहू दे म्हणलं की उद्या हात उठत न्हाई."

रेश्मा जाळीतून उतरली, हात झटकले आणि सरळ शिडीकडे चालू लागली. तिच्या कोपराला खरचटलेलं मला माझ्या खुर्चीतून दिसत होतं. ती वर पोचेपर्यंत काहीतरी बदललं. कुणी काही सांगितलं नाही, पण एकेक मोबाइल खाली आला. माझ्या पुढे शिकवणीवर्ग बुडवून आलेल्या तीन मुली बसल्या होत्या, त्यांनी एकमेकींचे हात धरले.

एक झोका. दोन. मी खुर्चीची कड धरून ठेवली आणि डोळे उघडे ठेवले.

तिने हात सोडले. पलीकडच्याचे हात अजून आलेले नव्हते. मला वाटत होतं हे एका क्षणात होतं, एकाकडून सुटतं आणि दुसऱ्याकडे लागतं. तसं नसतं. मध्ये एक जागा असते, तिथे धरायला काहीच नसतं. ती तिथे एकटी होती. गिरकी एकच घेतली, तीन नाही. वेणी सुटली नाही, घट्ट बांधलेली होती. मग पलीकडून हात आले. त्याने तिचं मनगट धरलं आणि त्याच वेळी तिने त्याचं. मनगटाला मनगट. हातांना लावलेल्या पांढऱ्या पावडरीचा एक छोटा ढग उडाला, गिरणीत उडतो तसा, आणि दोघं एका झोक्यात पलीकडे गेले.

टाळ्या वाजवता वाजवता मी शेजारी पाहिलं. शकीलाबाईंनी डोळे मिटलेले होते.

"तुम्ही?" मी म्हणालो.

"मला बघवत न्हाई आता," त्या म्हणाल्या आणि डोळे न पुसताच उठून मागच्या वाटेने गेल्या. त्यांचा रिंगांचा दुसरा आयटम होता.

बाहेर येऊन मी दिगंबरला फोन लावला. पलीकडे गिरणीचा आवाज.

"दिग्या, पाहिला! हात धरत नाहीत, मनगट धरतात!"

"काय?"

"मनगट! मनगटाला मनगट!"

"आरं लाइट हाय आत्ता, मागनं कर!" फोन बंद झाला. तिकिटाच्या रांगेतली माणसं माझ्याकडे पाहत होती. मग लॉजवर गेलो आणि बाईंना पत्र लिहिलं. बाई पुण्याला मुलीकडे असतात. फोनवर त्यांना नीट ऐकू येत नाही, पत्र मात्र भिंग घेऊन स्वतः वाचतात. ते पत्र असं होतं.

*

लातूर, शुक्रवार

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

तपासलेली पानं सोबत पाठवत आहे. शुद्धलेखनाच्या दोन चुका लाल शाईने दुरुस्त केल्या आहेत. तिसरी चूक अशी की हा निबंध ज्याने लिहिला त्याने झुला पाहिला नव्हता. मी डोळे मिटून घेतले होते. जे लिहिलं ते दिगंबरने टेम्पोत सांगितलेलं होतं. हे तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं तर नांदेडचं वसतिगृह हुकेल, या भीतीने सांगितलं नाही. नंतर शिकत गेलो तसतसं सांगणं अवघड होत गेलं.

आज मी झुला उघड्या डोळ्यांनी पाहिला. झुल्यावर हातात हात धरत नाहीत, मनगटाला मनगट धरतात. तरीही आई-लेकराचं ते वाक्य कृपया बदलू नका. झुल्याबद्दल ते चूक आहे, पण दिगंबरच्या आईबद्दल ते खरं आहे. त्या पानावर पांढरे डाग दिसतील. ते त्याच्या बोटांचे आहेत. गिरणीचं पीठ आहे, मी पुसलं नाही.

माझी विनंती एवढीच की निबंधाखाली दिगंबरचं नाव घालावं. माझं नाव काढायचं की ठेवायचं ते तुम्ही ठरवा. तुम्ही जे ठरवाल ते मला मान्य आहे, आणि तुमच्यावरची माझी कृतज्ञता त्याने तसूभरही कमी होणार नाही. तुम्ही मला जे दिलंत ते आता परत करता येण्यासारखं नाही. पण बाई, त्या संध्याकाळी आमच्या घरी येताना तुम्ही दिगंबरच्या दारावरूनच आला होतात. तो तेव्हा ओट्यावर बसला होता. तुम्ही विचारलंत, विलासचं घर कुठलं, आणि त्यानेच तुम्हाला दाखवलं.

पुस्तक झालं की एक प्रत माझ्याकडे द्यावी. मी ती त्याला नेऊन देईन आणि ते पान वाचून दाखवीन. दुपारी जाईन. सकाळी लाइट असते, गिरणीच्या आवाजात त्याला काही ऐकू येत नाही.

आपला विद्यार्थी,
विलास